अर्धा ओढलेला पत्रा

माझा थोरला भाऊ माणूस म्हणून वाईट नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला. त्यांना फोटोसाठी त्याच्यासमोर खुर्चीत बसून, "हनुवटी वर. अजून वर. एवढी नाही, कळत नाही का?" हे ऐकावं लागत नाही.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पुढे गिऱ्हाईक फ्रेम निवडतं आणि हा मागे पडद्याआड बसून त्या फ्रेमच्या मापाला भिंग घासून बसवतो. पूर्वी पडदा नव्हता. एका बाईंना त्यानं तोंडावर सांगितलं की या चेहऱ्याला कुठलीच फ्रेम शोभणार नाही, उगाच वेळ घालवू नका. मालकाला त्याचे हात हवे होते, तोंड नको होतं, म्हणून पडदा आला.

घरी त्याचे कॅमेरे. हल्लीचे नव्हेत. मिटवले की जाड पुस्तकाएवढे होणारे, उघडले की पुढची फळी आडवी पडून तिच्यावरून भिंग सरकत पुढे येणारे, आणि भिंगामागे काळ्या चामड्याचा घडीचा भाता. यांना फिल्म लागत नाही, काचेची प्लेट लागते. एका वेळी एकच फोटो. वहिनीनं हौसेनं काचेचं कपाट घेतलं होतं, त्यात आता हे कॅमेरे बसलेत आणि तिचे कप पलंगाखाली खोक्यात गेलेत. प्लेटा हा स्वतःच बनवतो. दुकानातून काच कापून आणतो आणि बाथरूमच्या खिडकीला काळा कागद डकवून, लाल दिवा लावून तिच्यावर रसायन चढवतो. आत हा असला की अख्खं घर पोट धरून बाहेर उभं. दार वाजवलं तर आतून शिव्या.

लोकांना वाटतं छंद आहे. कौतुकानं बघायला येतात. छंद कसला, राग आहे तो. एका माणसावरचा राग काढायला यानं कपाट भरून कॅमेरे जमवलेत, आणि तो माणूस म्हणजे माझा दुसरा भाऊ. त्याला मी भाऊच म्हणते.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. तो राहतो त्या इमारतीच्या लिफ्टचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं, तेव्हापासून हा चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढतो. त्या लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. गुडघे गेले तरी चालतील. आमच्या घरातली माणसं ही अशी. मी तरी कुठे साखरेची आहे.

भांडणाचं मूळ बाबांचा कॅमेरा. बाबा टपाल कचेरीत होते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढायचे. लहानपणी मला ते कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेत बघायला द्यायचे. तिच्यात सगळं उलटं दिसायचं, माणसांची डोकी खाली आणि पाय वर. मी खिदळायचे. मग ते दुधी काच काढून तिच्या जागी होल्डर सरकवायचे. होल्डर म्हणजे पत्र्याचं चपटं पाकीट. आत प्लेट, आणि तिच्यावर उजेड पडू नये म्हणून वरून सरकता पत्रा. होल्डर कॅमेऱ्यात बसला की तो पत्रा वर ओढायचा, फोटो घ्यायचा, पत्रा परत खाली. त्यानंतर तो उघडायचा तो फक्त लाल दिव्यात. उजेडात उघडला की प्लेट संपली.

आई कधी फोटोला उभी राहिली नाही. कॅमेरा दिसला की तिला काम आठवायचं. मी काही महिन्यांची असताना एकदाच ती मला मांडीवर घेऊन बसली, आणि बाबांनी तेवढ्यात फोटो घेतला. नंतर ताप आला आणि ती गेली. फोटो उमटवायला प्लेट रसायनात धुवावी लागते, ती बाबांनी धुतली नाही. "आत्ता नको," म्हणाले, आणि ते आत्ता पुढे जन्मभर चाललं. आत्या आम्हाला सांभाळायला आली, आम्ही मोठे झालो. विचारलं की बाबा होल्डरच्या पिशवीकडे बोट दाखवायचे. "त्यातल्या एकात आहे तुमची आई."

तिचा दुसरा फोटो नाही. दादा तेव्हा दहा-एक वर्षांचा होता, भाऊ त्याच्याहून थोडा लहान. त्यांनी तिला बघितलं होतं. मी बघितलेलं मला आठवत नाही. मी दिवसभर दाताच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसते, दिवसभर लोकांची तोंडं बघते, आणि माझ्या आईचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक नाही.

बाबा गेल्यावर वस्तू वाटताना दादानं कॅमेरा उचलला. "हा माझा. तुला वापरता येत नाही." भाऊनं शांतपणे होल्डरची पिशवी काखेला मारली. "बरं. मग हे माझे. काढ आता फोटो."

होल्डरशिवाय तो कॅमेरा म्हणजे नुसतं खोकं, हे भाऊला पक्कं माहीत होतं. आणि दुसरा कुठला होल्डर त्याला बसत नाही. प्रत्येक कारखान्याचं माप निराळं, केसभर फरक पडला तरी होल्डर आत शिरत नाही, नाहीतर शिरून हलतो. तिथून दादाचा जुना बाजार सुरू झाला. भावापुढे हात पसरायचा नाही, बाजारातून होल्डर शोधायचा. होल्डर सुटा मिळत नाही म्हणून कॅमेऱ्यासकट घ्यायचा. घरी आणून बाबांच्या कॅमेऱ्याला लावून बघायचा. बसला नाही की आणखी एक कॅमेरा कपाटात.

मी कितीदा त्याच्याबरोबर गेले आहे. भंगारवाल्याच्या ढिगातून तो होल्डर उचलतो, अंगठ्यानं सर्रकन पत्रा वर ओढतो, उजेडाकडे धरून आत बघतो, खाली ढकलतो आणि तोंड वाकडं करतो. उचल, ओढ, बघ, ढकल. भंगारवाला म्हणायचा, "साहेब, जरा हळू, तुटेल." दादा म्हणायचा, "तुटला तर तुझा माल वाईट." दुकानात, रस्त्यात, कुणाच्या घरी गेलो तरी हातात होल्डर आला की अंगठा चाललाच.

"दादा, भाऊकडे जा आणि मागून घे," मी म्हणायचे. "तुझ्यासाठी नको. माझ्यासाठी माग. मला ती प्लेट हवीय."

"मी? त्याच्या दारात? मेलो तरी नाही."

भाऊकडे गेले की तो म्हणायचा, "देतो की. मी कुठे नाही म्हणतोय? त्यानं दारात येऊन मागावं."

"मग मला दे."

"तुला दिले की त्याच्याकडेच जाणार."

जाणारच होते. प्लेट धुणारं दुसरं होतं कोण? फोटोच्या दुकानांत विचारलं तर तिथली पोरं माझ्याकडेच संशयानं बघायची. अशी वर्षं गेली. लग्नाकार्यात हे दोघं एका टेबलावर जेवायला बसले तर, "त्याला सांग, मीठ दे," असं माझ्या तोंडून बोलायचे. मी मीठ द्यायचे. आता वाटतं, डोक्यात घालायला हवं होतं.

या वर्षी दवाखान्यात एक म्हातारी कवळी बसवायला आली. आरशात बघून हसली आणि लेकीला म्हणाली, "अगंबाई, माझी आईच दिसली मला." मी टेबल तसंच टाकून उठले. डॉक्टर हाका मारत राहिले. थेट भाऊच्या इमारतीत गेले, लिफ्टनं गेले, आणि त्याच्या दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर ठाण मांडलं.

"होल्डर दे. नाहीतर मी इथेच राहणार."

"राहा," म्हणून त्यानं दार लावलं. भावजयीनं हळूच मला स्टूल आणून दिलं. शेजारी येता-जाता विचारायला लागले. मी प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आवाज चढवून. संध्याकाळी दार उघडलं आणि पिशवी माझ्या पायाशी येऊन पडली.

"ने. त्याला सांग, भीक घातली."

हे मी दादाला सांगितलं नाही. नुसती पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली. खिडकीत अजून चांगला उजेड होता. "आलेत," मी म्हणाले. "आधी बाथरूममध्ये चल."

तो ऐकत नव्हता. त्यानं बाबांचा कॅमेरा खाली काढला, फळी पाडली, भाता ओढला, मागची दुधी काच उतरवली. त्यानं शर्टाच्या टोकानं कॅमेऱ्याची कड पुसली, आणि मला त्याचा पुळका आला, हे मान्य करते. पिशवीतले होल्डर गंजून तांबडे झाले होते. एकच स्वच्छ होता, काळा कुळकुळीत. त्यानं तोच उचलला आणि कॅमेऱ्यात सरकवला. खट्‌कन बसला.

"बसला!" तो ओरडला. "अगं, बसला बघ!" वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत बाजारातला एकही होल्डर असा बसला नव्हता. त्यानं तो पुन्हा बाहेर काढला, उजेडाकडे धरला, आणि अंगठा चालला.

सर्रकन.

मी किंचाळले. पत्रा अर्ध्यावर थांबला. आत रिकामं नव्हतं. पिवळसर पांढरी काच होती, आणि तिच्यावर खिडकीतलं ऊन. त्यानं पत्रा खाली ढकलला, पण ढकलून काय होणार होतं.

"दुसऱ्यात असेल ती," तो म्हणाला. "ही कोरी असेल."

बाथरूममध्ये लाल दिव्यात त्यानं एकेक प्लेट धुतली. मी दाराला पाठ लावून आतच उभी राहिले. बाकीच्या सगळ्या कोऱ्या निघाल्या. शेवटी ती. पत्रा वर ओढला की आधी प्लेटची खालची बाजू उघडी पडते, आणि प्लेटवर माणूस उलटा असतो. म्हणजे उघडं पडलं ते डोकं. त्या भागाला उजेड लागून तो शाईसारखा काळा झाला होता. दुसऱ्या अर्ध्यात हळूहळू काहीतरी उमटायला लागलं.

दादा पहिलं वाक्य काय बोलला? "भाऊनं खूण का केली नाही?"

खूण होती. बाबांनी तो एकच होल्डर जाड कागदात गुंडाळून ठेवला होता, म्हणूनच तो गंजला नव्हता. मी भाऊला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "कागद? फाटका कागद होता एक, फेकला मी. पुसून दिले सगळे. घाण दिली म्हणून त्यानं नाव ठेवायला नको." मग त्यानंच विचारलं, "का? काय केलं त्यानं?"

प्लेट वाळल्यावर दादानं ती कागदावर छापली. वरचा अर्धा पांढराफट्ट. खाली खुर्चीचा एक पाय, मांडी, आणि दोन हात. डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. मांडीवर मी, झबल्यात, मूठ वळलेली. मी हललेले नाही. मान मागे टाकून मी वर बघतेय, त्या पांढऱ्यात.

"एक मला छापून घेऊ का?" दादानं विचारलं. इतक्या हळू तो आयुष्यात कधी बोलला नसेल.

"नाही," मी म्हणाले. प्लेट आणि छाप कागदात गुंडाळून पर्समध्ये घातली आणि घरी आले.

मग एक नवल झालं. माझे दोन भाऊ एकमेकांशी बोलायला लागले. विषय मी. किती हट्टी आहे, आई काय तिच्या एकटीची होती का, आपण दोघांनी जाऊन समजावलं पाहिजे. वहिनी मला सगळं फोनवर सांगायची आणि हसायची. गेल्या आठवड्यात दोघं खरंच आले. दारात एकमेकांना खेटून उभे, दादा घसा खाकरत, भाऊ गुडघा चोळत.

"एकेक छाप दे," भाऊ म्हणाला. "बघ, दारात येऊन मागतोय."

"देते," मी म्हणाले. "आधी मला सांगा, ती दिसायची कशी? तुम्ही तिला बघितलंय. अर्धा फोटो माझ्याकडे आहे, उरलेला तुम्ही सांगा."

दादा लगेच म्हणाला, "सरळ नाक. गोरी. कपाळ मोठं."

"गोरी?" भाऊ म्हणाला. "ती आत्या. आई सावळी होती, आणि नाक बसकं, माझ्यासारखं."

"तुझं नाक बाबांचं आहे."

"तू तेव्हा घरात असायचास कधी? शाळा बुडवून हिंडायचास!"

"आणि तू तिच्या मांडीवर बसून काय बघितलंस? हनुवटी!"

मी विचारलं, "अंगठ्याला काय लागलं होतं तिच्या?" दोघांनी माझ्याकडे बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं. मग पुन्हा नाकावरून जुंपली, जिन्यात, शेजाऱ्यांची दारं उघडेपर्यंत.

मी दार लावून घेतलं आणि छाप घेऊन खिडकीशी बसले. त्यातली मी अजून वर बघत होते. आमच्यापैकी ती एकटीच आईला नीट बघतेय, आणि तिला बोलता येत नाही.