पुढच्या जागेचा पट्टा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. मुंज्याच्या पिंपळाखाली दुपारचा झोपलोय, अमावस्येला एकट्यानं शेताला पाणी दिलंय... काही झालं नाही. नात म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा, मी नीट करून लिहिते." म्हटलं, नको. चौथी पास आहे मी. अक्षर वेडंवाकडं असंल, पण माझं आहे. या सदरात लोक जे लिहितात ते ती मला वाचून दाखवते, त्यातलं निम्मं मला पटत नाही. माझंही तुम्हाला पटलं नाही तर तक्रार नाही.

लढाईची वर्षं होती. नगरची छावणी मागं टाकून शेवगावच्या अंगाला निघालं की एक लांबलचक सपाट माळ लागायचा. तिथं विमान चालवायला शिकवायचे. चाकाखालचे ठोकळे काढायचे, पुढचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करून द्यायचं, हे माझं काम. गावात सांगायचो, मी हात लावल्याबिगर विमान उडत नाही. खोटं नव्हतं ते.

विमान दोन जागांचं, वर छप्पर नाही. पुढं शिकवणारा गोरा साहेब, मागं शिकणारा. दोघांच्या पायांमधी विमान वळवायचा एकेक दांडा, आणि दोन्ही दांडे आतून जोडलेले — एक अडकला की दुसराही अडकला. शिकणाऱ्याला पहिल्यांदा एकट्याला सोडताना साहेब उतरायचा. मग त्याच्या रिकाम्या जागेचे चारी पट्टे सीटला आवळून, कड्या एकावर एक बसवून खिळा घालायचा. तेही माझंच काम. मोकळा पट्टा दांड्यात गुंतला तर विमान वळणार नाही... माणूस गेलाच. रिकाम्या जुवाची सापती, म्हणजे बैलाच्या गळ्याखालचा पट्टा, आपण वर गुंडाळतो, बैलाच्या पायात येऊ नये म्हणून. तसंच हे.

शमुवेल म्हणून एक पोरगा शिकायला होता. नेवाशाकडच्या एका ख्रिस्ती मास्तराचा मुलगा. वयानं माझ्याएवढाच, पण मला दादा म्हणायचा. त्याच्या बरोबरचे कधीच एकटे उडून आले होते. याचं उतरताना चुकायचं, विमान बेडकासारखं उड्या मारायचं. साहेबानं सांगून टाकलं होतं — आज एकट्यानं फेरी मारून नीट उतरला तर ठीक, नाहीतर गाठोडं बांधायचं.

पौषातली सकाळ. ज्वारी हुरड्याला आलेली, आभाळ लख्ख. साहेबानं त्याच्यासंगं दोन फेऱ्या मारल्या आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. मी पट्टे बांधायला पंखावर चढलो. शमुवेलचे ओठ पांढरे पडले होते.

"दादा, नाही जमलं तर मी घरी तोंड दाखवणार नाही."

"मग जमव. आईच्या हातचं खायचं हाय का न्हाई?"

तेवढ्यात खालून आमच्यावरचा मिस्त्री ओरडला. जिभेचा लई तिखट माणूस. "तुक्या, पट्टा बांधला का? का बैल दिसंना म्हणून हुडकत बसलाय?"

साहेबाला मराठी कळत नव्हतं, पण तोही हसला. माझं डोकं फिरलं.

"बांधलाय," मी म्हणालो. "मला दोनदा इचारायचं न्हाई." आणि रागाच्या भरात खाली उडी मारली.

विमान धावलं, शेपूट उचललं, चाकं सुटली. तेव्हा मला दिसलं — पुढच्या जागेतनं पट्ट्याचं एक टोक बाहेर आलंय आणि वाऱ्यावर फडफडतंय. मी बांधलाच नव्हता.

पळत सुटलो. हात हलवले, ओरडलो. मागनं मिस्त्री म्हणतोय, "लेक सासरी निघाल्यावानी काय पळतो रं."

माळाच्या टोकाला विमानानं डावीकडं वळायचं असतं. ते वळलं नाही. सरळ चांदबिबीच्या महालाच्या डोंगराकडं निघालं. मला कळलं, दांडा अडकला. तिथंच ढेकळात उभा राहून मी ठरवलं — पोरगा पडला तर नेवाशाकडं चालत जायचं आणि त्याच्या बापाला सांगायचं, तुमचा मुलगा मी मारला. पळून जायचं नाही.

आणि मग डावा पंख खाली झुकला. विमान वळलं. फेरी पुरी करून आलं, एकदाच टेकलं. उडी नाही, काही नाही.

सगळ्यांच्या आधी मी पोचलो. पुढच्या जागेत डोकावलो. चारी पट्टे बंद, खिळा आत. पण सीटला चिकटून नव्हते. एखादा माणूस आत बसावा एवढी पोकळी सोडून ताणलेले होते. मी बोट लावलं, तेव्हा ते सैल पडले.

मागनं शमुवेल हळू म्हणाला, "दादा, वळताना दांडा हलेना. पट्ट्याचं टोक बाहेर फडफडत होतं. मग ते आत गेलं."

"आत पडलं?"

"नाही. ओढलं. विहिरीतून पोहरा ओढतात तसं, हात बदलत. मग दांडा सुटला."

"कोनी ओढलं?"

"मी बघितलं नाही, दादा. मला उतरायचं होतं."

मी तडक मिस्त्रीकडं गेलो. "मिस्त्री, मी पट्टा बांधला नव्हता. तुमच्याशी खोटं बोललो. साहेबाला सांगा."

मिस्त्री पंखावर चढला, वाकून बघितलं. "बांधलाय की रं."

"मी न्हाई बांधला."

"मग काय मी बांधला? वाईच सैल हाय, पुढल्या खेपेला नीट आवळ. आणि सकाळी काही घेत जाऊ नगं."

मी हटून बसलो. शेवटी त्यानं साहेबाला बोलावलं. साहेबानं खिळा हलवून बघितला, इंग्रजीत काहीतरी बोलला आणि माझी पाठ थोपटली. शमुवेलनं मान खाली घालून सांगितलं, "काम ठीक आहे म्हणतात." बाकीचं तो साहेबाला बोलला नाही, मीही बोल म्हटलं नाही. येड्यात काढून त्याला त्याच दिवशी घरी धाडलं असतं.

पुढं तो चांगला वैमानिक झाला. म्हातारपणापर्यंत भेटायचा. मी कितीदा विचारलं, पण त्याचं सांगणं एका शब्दानं बदललं नाही. आता तोही नाही.

शिकलेली माणसं सांगतात, हवेनं पट्टा आत खेचला असंल. असंल. पण कड्या बसवून खिळा घालायला दोन हात लागतात. ते काम मी रोज करत होतो, मला शिकवू नये कुणी.

उभ्या जन्मात कुणाची फुकटची शाबासकी घेतली नाही मी. तेवढी एक घेतली. ती कुणाची होती, मला आजही ठाऊक नाही.