डब्यात काय होतं

ताईने ती सीडी जुन्या ओढणीत गुंडाळून माझ्या हातात दिली. "तुह्या कम्प्युटरवर उतरव, भाऊ. पितरांच्या दिवसाआत पाह्यजे मले."

तिच्या लेकीचा, माझ्या भाचीचा, आवाज एवढ्या एका सीडीवर होता. बेला गावच्या तिच्या घरी दरवर्षी भुलाबाई बसायची, आळीतल्या मुली-बायका जमून गाणी म्हणायच्या. एका वर्षी भावजींनी हौसेने आदिलाबादहून फोटो स्टुडिओवाला बोलावून सगळं रेकॉर्ड करून घेतलं. पुढे भाची तापाने गेली. स्टुडिओही बंद पडला, तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात.

गाणी संपली की खाऊ ओळखायचा असतो. झाकलेला डबा हलवून दाखवायचा, बाकीच्यांनी नावं घ्यायची, आणि कोणालाच जमलं नाही तर "हरलो" म्हणायचं. मग डबेवालीने सांगायलाच हवं. रेकॉर्डिंगच्या दिवशी डबा भाचीच्या हातात होता आणि आतला खाऊ तिने आईकडून हट्टाने करवून घेतला होता. यंदा पितरांच्या ताटात तोच वाढायचा, असं ताईच्या मनाने घेतलं होतं. पण तो कोणता, हेच तिला आठवेना.

"माह्याच हातानं केला न रे," ती म्हणाली, "अन् मलेच आठवत नाई."

प्लेअरवर सीडी नेमकी भाची खाऊचं नाव सांगते त्याच जागी अडकत होती.

माझी नोकरी रेव्हेन्यूची. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहायची आणि मगच सही करायची. खऱ्या नकलेला आमच्याकडची जुनी माणसं अजून 'नकल मुताबिक असल' म्हणतात. म्हटलं, आपल्याला हे जमेल.

आधी कम्प्युटरमध्ये आयतं असलेलं सॉफ्टवेअर लावलं. चहा निवायच्या आत काम झालं म्हणून ते मोकळं. ताई शेजारीच बसली होती. गाणी झाली, डबा खडखडला. "करंज्या!" बायका ओरडल्या. "नाई!" भाची. "शंकरपाळे!" "नाई!" किती ठसक्यात म्हणायची पोरगी! शेवटी बायका म्हणाल्या, "हारलो व आमी, सांग!" आणि मग खरखर झाली, तिच्यात शब्दासारखं काहीतरी.

"तीळपापडी म्हणली न ती!" ताईने माझा हात धरला.

मला संशय आला. मी सीडी पुन्हा उतरवली. या खेपेला तिला "गूळपोळी" ऐकू आलं. जे वाचता येत नाही ते आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरून द्यायचं, असा त्या सॉफ्टवेअरचा कारभार होता. माझं डोकंच फिरलं. फाटक्या कागदाची नक्कल कोणी अशी भरली असती, तर मी त्याला बखोटीला धरून कचेरीबाहेर काढलं असतं.

मग शोधून दुसरं घेतलं. ते एकेक जागा पुन्हापुन्हा वाचतं, दोन वाचनं जुळली तरच मानतं, आणि नाही वाचता आलं तर तसं सांगतं. त्याच्या सेटिंगमध्ये मी इतका गुरफटलो की बायको म्हणाली, "भेंडीचं शेपूट मोडून पाहता, तसं चाललंय तुमचं." शेवटी ते आपली प्रत जगभरच्या लोकांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून पाहतं. आमच्या वेळी उत्तर आलं, अशी सीडी कोणाकडेच नाही. बरोबरच होतं.

सीडी मऊ फडक्याने पुसली, दुसऱ्याचा ड्राइव्ह मागून आणला. मशीन दुपारभर घरघरत होतं. सगळं जुळलं, तेवढी जागा सोडून. तिथे नुसती शांतता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ताईला मी आधीची आणि आताची, दोन्ही प्रती ऐकवल्या आणि खरं ते सांगितलं.

"म्हंजे तीळपापडी ती म्हणलीच नाई?"

"तिनं काय म्हटलं ते गेलं, ताई. हे मशीननं भरलंय."

मला वाटलं, ती दुधाची तहान ताकावर भागवेल. "मंग ते पुसून टाक," ती म्हणाली.

पितरांच्या दिवशी मी बेल्याला गेलो. ताटात वरणभात होता, वडे होते, खीर होती, आणि उजवीकडे थोडी जागा ताईने मोकळी ठेवली होती. भावजी ताट उचलायला वाकले, तेव्हा तिने त्यांना हाताने थांबवलं आणि ताटासमोर बसली.

"हारली व माय मी," ती म्हणाली. "सांग आता."

आम्ही सगळे उभे होतो. ती वाट पाहत राहिली. वड्यांची वाफ गेली तेव्हा भावजींनी तिच्यासमोरून ताट उचललं आणि अंगणात नेलं.