मधली कोरी पट्टी

परीक्षेला बसली होती नकुशीताई आणि घाम फुटला होता मला. शिरूरला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. वडगाव रासाईहून ती रोज एसटीनं यायची. शिक्रापूरच्या एका कंपनीत तिला स्टोअरचं, टेबलावरचं काम मिळणार होतं, पण सर्टिफिकेट आणलं तरच. नापास झाली की पुन्हा लोकांच्या वावरात खुरपणी.

प्रश्न तसा सोपा. एचटीएमएलमध्ये पानाचे दोन उभे भाग करायचे. डाव्या फ्रेममध्ये मालाची नावं, नावावर क्लिक केलं की उजव्या फ्रेममध्ये त्याची माहिती. हल्ली फ्रेम्स कोण वापरतं म्हणा! पण अभ्यासक्रमातून त्या जातील तर शपथ.

दाराशी उभी राहून मी तिच्या स्क्रीनकडं पाहिलं. दोन नाही, तीन भाग! मधोमध एक अरुंद, कोरी पट्टी. अगं बाई, हे काय करून ठेवलंस? पण मला बोलायची सोय नव्हती.

परीक्षक सत्यजीत सर तिच्यामागं थांबले. "हे मधे काय?"

ती उठून उभीच राहिली. "रस्ता हाय, सर. वाटणी म्हणल्यावर रस्ता सोडावा लागतो न्हवं?"

सर हसले. मला हसू येईना. नवरा गेल्यावर दिरांनी जमिनीची वाटणी केली, हिला नदीकडचा तुकडा दिला आणि तिथं जायला पाऊलवाटसुद्धा ठेवली नाही. त्यांच्या उसातून जावं तर शिव्या. तुकडा पडीक पडला. मेल्यांना लाज कशी ती नाहीच!

"इथं रस्ता लागत नाही, ताई. तेवढं डिलीट करा, पास करतो," सर म्हणाले. माणूस चांगला होता.

ती बसली. बोट बटणावर, पण हलेना. वेळ संपत आलेली. दाब गं, दाब की एकदाचं, मी मनात ओरडत होते. शेवटी तिनं मधली ओळ खोडली, रुंदीचे आकडे बदलले, पान पुन्हा उघडलं. दोन्ही भाग एकमेकांना भिडले होते. सरांनी सही केली.

बाहेर येताच मी तिला मिठी मारली. "सुटलीस, ताई! पास झालीस!"

"व्हय," ती म्हणाली, आणि तिथंच पायरीवर बसून हमसून रडायला लागली. "रस्ता पुसणं मलाच येवढं सोपं गेलं वं, बाई. माझ्या दिरास्नी तर काय बी वाटलं नसंल."