घ्यायला न आलेला नवरा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला नंतर नवऱ्यानं घ्यायला यायचं, ही आमच्याकडची रीत. नव्वदच्या आसपास एका वर्षी माझा नवरा आलाच नाही.

पाचोऱ्याला माहेरी झोक्यावर बाकीच्या जणी एकमेकींना चिडवत होत्या आणि मी आपली हसण्यावारी नेत होते. वर्षभर आमच्यात काहीच नव्हतं. जळगावच्या घरी तो कचेरीतून यायचा, ताट चिवडायचा आणि पाठ करून निजायचा. मी जवळ सरकले की त्याला दरदरून घाम. मला वाटलं, मी आवडेनाशी झाले, नाहीतर दुसरी कोणीतरी आहे. वहिनी म्हणाली, "दूर राहा, ओढ लागेल." मी शहाणी, तेच करून बसले. पत्रसुद्धा टाकलं नाही. ओढ लागली ती मलाच. त्याच्या शर्टाच्या वासासाठी जीव तुटायचा.

ज्येष्ठ सरत आला तशी पिशवी भरली. आई दारात आडवी आली.

"जावाई लेवाले ऊना नही, नि तू आपली आपली जाशी?"

"जासू. मान तुमना शे, नवरा मना शे."

मान त्यांचा असेल, नवरा माझा होता; निघालेच. जळगावला दार उघडून तो बघतच राहिला. "मला वाटलं, सुटलीस माझ्यापासून," म्हणाला. मग खाली बघत सांगितलं, "कशातच मन लागत नाही गं. तू जवळ आलीस की छाती धडधडते. जमेल की नाही, हीच भीती. मग काहीच जमत नाही." मला रडूही आलं आणि रागही. वर्षभर एकटाच सोसत बसला होता.

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मन आजारी पडलं की इच्छाही मरगळते आणि शरीरही साथ देत नाही. यात पुरुषपणाचा प्रश्न नाही, प्रेम आटल्याचाही नाही. गोळ्या दिल्या आणि बजावलं, सध्या काही जमवायचंच नाही. रोज नुसतं हात धरून बसायचं.

उपाशी माणसाला ताट दाखवून जेवू नको म्हणण्यातला प्रकार! चिडले मी. पण रोज संध्याकाळी बसत गेलो.

दोन-तीन महिन्यांनी असेच बसलो असताना शेजारीण विरजण मागायला आली. कडी वाजली तशी मी उठू लागले, तर त्यानं हात सोडला नाही.

"बस ना थोडी," म्हणाला.

किती दिवसांनी त्यानं माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.