भरल्या फळीवरच्या मूर्ती

माझं भलं केलं ते अष्टमी गावच्या माझ्या दोस्तानं. इथे दुबईत गणपतीच्या दिवसांत ओल्या शाडूचा वास आला आणि धाटावच्या कारखान्यातली ती दुपार आठवली. मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी नोंदी क्रमानं लावणारा कोड आम्ही दोघांनी लिहिला होता; साहेब घेणार होते एकाचाच. त्याचा झरझर चालायचा, पण नोंदींएवढीच मोकळी मेमरी मागायचा. मी नववीतच शाळा सोडून पेणला मूर्ती उंचीनं लावलेल्या, भरल्या फळीवर, तिथल्या तिथं अदलाबदल करून; कोड लिहायला मागाहून स्वतःच शिकलो. माझा कोडही तसाच, जादा मेमरी न मागणारा, पण सावकाश. तो इंजिनिअर, त्याचं कौतुक चाललेलं, आणि मी आतून जळत होतो. आपल्या कोडसाठी बोलायची छाती नव्हती. तोच साहेबांना म्हणाला, "याचा घ्या. मेमरी भरली तर माझा चालायचा नाय." मग मला, "तोंड काय पाडतोस? चहा पाज!" मी आणखीच जळलो, कारण एवढं मन माझं नव्हतं. त्याच कामावर इथली नोकरी मिळाली. कधीतरी त्याच्यासाठी मीही असाच बोलेन, नक्की.