तिसरा कौल

आमचा मालक फार देवभोळा, असं आमोण्यात सगळे म्हणत. देवभोळा कसला, चिकट! देवाकडूनसुद्धा फुकट काम करून घेणारा.

आमचं घटकराज्य नवीन होतं, खाणी जोरात होत्या आणि त्याची बार्ज पाळी गावच्या खाणीतलं खनिज घेऊन मांडवीतून खाली जायची. इंजिनावर माझा सख्खा भाऊ ड्रायव्हर, मी काठावरच्या वर्कशॉपात फिटर. पावसाळ्यात बार्ज बंद, तेव्हा आम्ही इंजिन खोललं. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, रॉकेल लावलं, कोरडा पुसला नि वर खडूची पूड टाकली. थोड्या वेळाने चिरेत मुरलेलं रॉकेल वर आलं नि पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली, शाफ्ट वळतो नेमकी त्या कोपऱ्यात.

"ओरखडा आहे," मालक म्हणाला.

ओरखडा म्हणे! तार इकडेतिकडे वाकवत राहा, कधीतरी तुटतेच. लोखंडाचंही तसंच. वर झेपेल त्याहून जास्त माल नि इंजिन सदानकदा फुल. चालत्या इंजिनात हा शाफ्ट तुटला तर आतले दांडे इंजिनाचा लोखंडी ब्लॉक फोडून बाहेर येतात, आणि शेजारी उभा असतो माझा भाऊ. हे सगळं मी मालकाच्या तोंडावर सांगितलं.

"देवाला विचारू," तो म्हणाला.

गेला देवळात. गुरवाने देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. पाकळी डावीकडची पडली, म्हणजे नको. मालकाने पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली, तेव्हा हा उठला! देवालाही वाकवून वाकवून थकवला मेल्याने.

"तोच शाफ्ट बसवा," येऊन हुकूम सोडला. भावाने मान खाली घालून पाने उचलले. देवाने होय म्हटल्यावर तो कसला बोलतोय! बैल निदान शिंगं तरी हलवतो.

वहिनी त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं आणि सरळ मालकासमोर जाऊन उभी राहिली.

"कौल देवान तुमका दिलो मां? मगे पयल्या फेरीक तुमीच बसा इंजिनाकडे. ह्येंका मी घराक नेतंय."

मालक खाकरला. "मला डिझेलचा वास सोसत नाही गे."

आठवड्याभरात नवा शाफ्ट आला.

जुना भंगारात द्यायला ट्रकवर चढवताना साखळी सुटली. धक्क्याच्या दगडांवर आपटून त्याचे गाजरासारखे दोन तुकडे झाले. मी वाकून तुटलेलं तोंड पाहिलं. बहुतेक सगळा भाग काळपट, गुळगुळीत, म्हणजे केव्हाचाच फाटलेला. एका कडेला तेवढं लोखंड ताजं, चकचकीत. त्या कडेच्या भरवशावर माझ्या भावाला पाठवणार होता हा.

मालकाने डोळे मिटले. "बघा, देवानेच मला सुबुद्धी दिली!"

सगळ्यांनी हात जोडले. माझ्या भावानेसुद्धा, गाढवाने. वहिनी रिकामा डबा घेऊन तिथेच उभी होती. तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.