काठावरचं नाव

त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पोपटी सूट घालून लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या आपल्या कापडछपाईच्या शेडसमोर उभे होते. एक मोजा गुलाबी, एक पिवळा. पडदे, शर्ट, टाय, उशांचे अभ्रे, हात लागेल त्यावर या माणसाने जन्मभर रंगांची जत्रा भरवली होती. नियम एकच: रंगांनी एकमेकांशी भांडावं, पण घर सोडून जाऊ नये. हे वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला तीनदा ऐकवलं.

मी पुण्याहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. त्यांच्याकडे माझं काम रंग कालवण्याचं. बादल्यांच्या झाकणांवर मी मराठीत लिहायचे, राणी, मोरपंखी, चिंतामणी. त्यांना त्या अक्षरांचं फार कौतुक होतं.

दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की त्यांना नीट दिसत नाही. चांगला ताजा निळा पुढे केला की म्हणायचे, "हा मेलाय. जिवंत कर." मी तो आणखी झगझगीत करत जायचे, तेव्हा कुठे त्यांची मान डोलायची. मग त्या निळ्याला सांभाळून घेतील असे शेजारचे रंग मी माझ्या अकलेने निवडायचे. एका दुपारी दार लावून त्यांनी मोतीबिंदूचं कबूल केलं.

"हे बाहेर कळलं तर मी संपलो," ते म्हणाले. "तू माझे डोळे हो. काठावर माझ्या नावाखाली तुझं नाव छापू."

छापील कापडाच्या काठावर, शिवताना जो आत दुमडला जातो, तिथे ते कोणी केलं त्याचं नाव असतं. मला तेवढंच हवं होतं.

"अगं, हे इमेलवर मागून घे ना," नवरा म्हणाला. "व्हर्बल प्रॉमिसला इथे काही व्हॅल्यू नसते."

"तुला माणसं कळत नाहीत," मी म्हणाले. कळत मलाच नव्हती.

पहिलं कापड त्यांच्या एकट्याच्या नावाने निघालं. घाईत राहून गेलं म्हणाले. वर्तमानपत्रांनी त्यांच्या उतारवयातल्या धाडसाचं तोंडभर कौतुक केलं. मी दुसऱ्या कापडाला लागले. त्याच्या काठाच्या नमुन्यावर मात्र त्यांनी स्वतः माझं नाव लिहून दिलं. तो कागद मी किती वेळा काढून पाहिला असेन.

ऑपरेशनचा आग्रह माझाच. ते घाबरत होते. मीच गाडीतून नेलं, आणलं, आणि दहा दिवस त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. आईच्यासुद्धा घातले नव्हते इतक्या वेळेवर.

त्यानंतर ते शेडमध्ये आले तेव्हा नवं कापड टेबलावर पसरलेलं होतं आणि एका मोठ्या दुकानाची माणसं ते बघायला आलेली होती. त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ बघत राहिले.

"किती भडक आहे हे," ते म्हणाले. "हे मी केलेलं नाही. हे सगळे रंग हिचे आहेत."

मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील आणि त्यांना आठवेल.

"तुम्हीच सांगितलं होतंत," मी म्हणाले.

"मी? हे असं?" ते हसले. मग सगळेच हसले. गुपित तेव्हाही माझ्या तोंडून फुटलं नाही, याचा मला आज स्वतःवरच संताप येतो. गरज सरो, वैद्य मरो. मी त्याच दिवशी नोकरी सोडली.

गेल्या महिन्यात बर्मिंगहॅमला त्यांच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन होतं. नको नको म्हणत गेलेच. शेवटच्या दालनात तेच कापड पडद्यासारखं टांगलेलं होतं. त्या दिवशी हसलेल्या दुकानाच्या माणसांनी ते शेवटी घेतलं असणार. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की हे त्यांचे सर्वात निर्भय रंग आहेत. एक बाई मैत्रिणीला म्हणत होती, काय नजर असेल या माणसाची.

काठ आत दुमडून शिवलेला होता. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी तो बोटाने उलटला. तिथे त्यांचं एकट्याचं नाव होतं. हे रंग माझे आहेत असं ते चारचौघांत एकदाच म्हणाले होते, ते त्यांना भडक वाटले तेव्हा.